बाईंचे मिस्टर आणि कापलेला कॅट

बाईंच्या मिस्टरांचा या जगात कुणावरही विश्वास नव्हता, आणि त्यातही सगळ्यात कमी विश्वास होता तो आईबापांवर. चोर, भुरटे, दारुडे यांच्याविषयी ते समजुतीनं बोलत. "त्यांचा तो धंदाच आहे," म्हणत. पण खांद्याला पर्स, हातात भाजीची पिशवी अशी एखादी भल्या घरची बाई फाटकाशी येऊन "माझ्या मुलीला पाठवता का जरा?" म्हणाली, की त्यांचे डोळे बारीक होत, मान डावीकडे कलत असे आणि ते विचारत, "तुमची कशावरून?" हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला, तेव्हा त्या मुलीला मी नऊ महिने पोटात आणि पुढे चांगली चार वर्षं कडेवर वागवलेलं होतं. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचला. ते शांतपणे म्हणाले, "रागावू नका. सगळे असंच म्हणतात."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बाईंचा छंदवर्ग चालायचा. शाळा सुटल्यापासून आम्ही नोकरीवाल्या आया घरी पोचेपर्यंत मुलांना तिथे ठेवायची सोय होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळा नौपाडा त्यांना बाईच म्हणे, म्हणून हे बाईंचे मिस्टर. त्यांचं स्वतःचं नाव मला आजतागायत कळलेलं नाही. वर्गात चित्रकला होती, कागदकाम होतं, श्लोक होते, सुंदर हस्ताक्षर होतं आणि आतल्या खोलीत पेटी होती. आम्हा पालकांना एवढ्यानं पुरत नसे. कुणाला कराटे हवं होतं, कुणाला स्कॉलरशिपची तयारी. पेटीच्या परीक्षेचं सर्टिफिकेट मिळतं का, असं प्रवेश घेताना मीही विचारलं होतं. मागच्या अंगणातल्या विहिरीवर झाकण आहे का, हे मात्र मी विचारलं नाही. कुणीच विचारत नसे. ते बघायचं काम बाईंच्या मिस्टरांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं, आणि त्याबद्दल त्यांचे कुणी आभार मानलेले मी ऐकले नाहीत.

निवृत्त होण्यापूर्वी ते खोपटच्या बस डेपोत सापडलेल्या वस्तूंच्या खिडकीमागे बसत. गाडीत राहिलेल्या छत्र्या, डबे, पिशव्या, एकदा तर कुणाची तरी कवळी, असं सगळं कंडक्टर आणून देत आणि हे खूण पटवून ज्याचं त्याला परत करत. तीस वर्षं हे काम केल्यावर माणसाचं जे व्हायचं ते त्यांचं झालं होतं. "काळ्या छत्रीला दिवसाला पाच मालक येतात," ते सांगत, "आणि पाचही जण खरं बोलत असतात. प्रत्येकाला वाटतं, ही माझीच. म्हणून खूण विचारायची." त्यांचा दुसरा सिद्धांत असा, की वस्तू कधी हरवत नाही. ती बिचारी जिथे ठेवली तिथेच असते, माणूस विसरून उतरतो. मुलांनाही त्यांनी हाच नियम लावला होता. त्यामुळे वर्गात मूल हरवेल अशी भीती त्यांना नव्हती. मूल कुणीतरी विसरेल आणि दुसरा कुणीतरी "माझंच" म्हणून घेऊन जाईल, ही होती.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पत्त्यांचा कॅट. आधी पत्र्याचे बिल्ले करून पाहिले, तर मुलांनी ते आपसांत गोट्यांच्या बदल्यात फिरवले. मग त्यांनी निळ्या पाठीचा एक कोरा कॅट आणला आणि त्यातलं एकेक पान कात्रीनं मधोमध वेडंवाकडं कापलं. अर्धं पान मुलाच्या सदऱ्याला किंवा फ्रॉकला पिनेनं, उरलेलं अर्धं पालकांकडे. संध्याकाळी फाटकाशी दोन अर्धुकं जुळवून बघायची. जुळली तर मूल बाहेर, नाही जुळली तर पालक बाहेर. आमची सई होती बदाम सत्ती. दुसरीतली ही एवढीशी पोर, पण घरी पाहुण्यांनी नाव विचारलं की छाती पुढे काढून "बदाम सत्ती" म्हणायची.

या पानांवरून पालकांमध्ये जो गहजब झाला, तो बघण्यासारखा होता. आमच्यात एक डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या वाट्याला किलवर दुरी आली, आणि चेंदणी कोळीवाड्यातल्या मासळीवाल्या ताईंच्या पोराला इस्पिक राजा. डॉक्टर दवाखाना अर्धा टाकून आले. "मुलाच्या मनावर परिणाम होतो अशानं," म्हणाले. बाईंच्या मिस्टरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अजून हुकूम कुठे बोललाय कुणी? दुरी हातात असू द्या." डॉक्टरांना पत्ते येत नसावेत. ते राजा मिळवण्यासाठी बाईंकडे तीनदा जाऊन आले.

बरं, पान हे एकच खूळ असतं तर माणूस सोसतो. मुलांना मिळणारा प्रत्येक खाऊ ते आधी स्वतः खात आणि दहा मिनिटं स्वतःकडे लक्ष ठेवून मग वाटत. आम्ही म्हणायचो, जिभेचे चोचले, दुसरं काय. पण एकदा त्यांनी कागदकामाची खळही चाखून पाहिली, तेव्हा आमचा आरोप लंगडा पडला. संडासाची आतली कडी त्यांनी काढून टाकली आणि तिथे दोरीला बांधलेली पाटी लावली. एका बाजूला 'आत आहे', दुसऱ्या बाजूला 'आत नाही'. बाहेर पडताना मुलं ती पाटी उलटायला विसरत, त्यामुळे दिवसभर आत कुणीतरी आहे असंच वाटे. शनिवारी तर ओरडण्याचा तास असे. सगळ्या पोरांना अंगणात उभं करून ते शिकवत, "अनोळखी माणूस हात धरून ओढायला लागला तर काय म्हणायचं?" आणि चाळीस पोरं बेंबीच्या देठापासून किंचाळत, "नाही! मी येणार नाही! ही माझी आई नाही!" पहिल्या शनिवारी समोरच्या दुकानदारानं शटर ओढून घेतलं. आम्ही श्लोकांची फी भरत होतो आणि पोरं हे शिकून येत होती. सईनं त्याचा पहिला प्रयोग भर बाजारात केला, मी तिला बर्फाचा गोळा नाकारला तेव्हा. चार अनोळखी माणसं माझ्याभोवती जमली. त्यातल्या एकानं मला चक्क विचारलं, "बाई, कुठे राहता?"

सगळ्यात मोठा तंटा झाला तो दारावरून. आतल्या खोलीत पेटीचे मास्तर एकेका मुलाला घेऊन शिकवत. एके दिवशी मास्तर आले तर खोलीला दारच नाही. बाईंच्या मिस्टरांनी बिजागऱ्या उखडून ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. मास्तर भले गृहस्थ, पण स्वाभिमानी. म्हणाले, "म्हणजे माझ्यावर संशय?"

"छे छे. दारावर."

"वीस वर्षं शिकवतोय मी."

"म्हणून तर सांगतो. मी आहे, बाई आहेत, तुम्ही आहात. कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद दाराआड बसायचं नाही. चांगल्या माणसाला उघड्या दाराचा त्रास नसतो, आणि वाईट माणसाला व्हायलाच हवा."

मास्तर रुसून पंधरा दिवस आले नाहीत. आम्ही पालक मास्तरांच्या बाजूनं. एवढ्या सज्जन माणसाचा अपमान! सोळाव्या दिवशी मास्तर परत आले. दार नसल्यामुळे पेटी अख्ख्या वर्गाला ऐकू जायला लागली आणि बाकीची पोरं चित्रं रंगवता रंगवता गायला लागली, हे बघून ते खूश झाले. तरी आम्ही आमची बाजू सोडली नाही.

शेवटी सगळ्यांचं ठरलं, की हे फार झालं. डॉक्टरांनी पुढाकार घेतला. येत्या रविवारी वर्गातच पालकसभा घ्यायची, आणि बाईंच्या मिस्टरांना फाटकावरून हलवावं नाहीतर आम्ही मुलं काढून घेऊ, असा अर्ज बाईंना द्यायचा. चाळीस पोरं गेली तर वर्ग बंदच पडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर बरं आणि रागही ताजा. 'सुशिक्षित पालकांस अपमानास्पद वागणूक' हे शब्द माझेच. ते लिहिताना मला फार समाधान वाटलं होतं.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी माझ्या कंपनीत मालाची मोजणी होती. कंपनी माजिवड्याच्या पुढे. तिथून कधी सुटेन याचा भरवसा नव्हता. सईचे बाबा दौऱ्यावर. सुदैवानं माझे धाकटे दीर डोंबिवलीहून काही कामासाठी येऊन आमच्याकडे उतरले होते. मी आधी सुटले तर मी, नाहीतर भावोजी, असं सकाळी ठरवलं. पण अर्धं पान एकच आणि माणसं दोन. नवा माणूस येणार असेल तर त्याला आदल्या दिवशी समक्ष आणून दाखवायचा, असा बाईंच्या मिस्टरांचा नियम. तो पाळायला वेळ कुणाला होता? मी घरातल्या कॅटमधली बदाम सत्ती काढली, त्यावर खरं अर्धुक ठेवून पेन्सिलीनं रेघ मारली आणि तशीच हुबेहूब कापली. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या, एकीकडे सईच्या वेण्या. कुकर उतरवताना हात भाजला, तोही बघितला नाही. नक्कल इतकी झकास जमली, की बाईंच्या मिस्टरांची कशी जिरवली या आनंदात मी ती भावोजींच्या हातात दिली आणि खरं अर्धुक पोळपाटाखालीच विसरून बस पकडायला धावले.

पावणेसातला मी धापा टाकत वर्गाच्या फाटकाशी पोचले. बाकी पोरं गेली होती. अंगणातल्या बाकावर माझे दीर, शिपायानं बसवून ठेवलेल्या माणसासारखे, मांडीवर पाण्याचा पेला घेऊन बसलेले. मला बघताच उठले.

"वहिनी, मी सहालाच आलेलो! पान दाखवलं, तर म्हणतात नकली आहे. मग मला विचारतायत, पुतणी कितवीत आहे? मी म्हटलं तिसरीत. दुसरीत निघाली ना यार. तेव्हापासून उठूच देत नाहीयेत."

बाईंचे मिस्टर खुर्चीत बसले होते. त्यांनी माझं ते झकास अर्धुक दोन बोटांत धरून उलटं केलं. पाठ लाल होती. त्यांचा कॅट निळ्या पाठीचा. पुढची बाजू मी इतकी मन लावून कापली होती, की पाठीकडे बघितलंच नव्हतं.

"खरं कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी पर्स उलटीपालटी केली आणि मला पोळपाट आठवला. "घरी राहिलं," मी म्हणाले. "पण तुम्ही मला रोज बघता. मी तिची आई आहे हे तुम्हाला माहीत नाही का?"

"काल माहीत होतं. आज तुमच्या नावानं खोटं पान आलंय." ते हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. "हरकत नाही. खूण सांगा."

"कपाळावर डावीकडे खोक आहे. पाळण्यातून पडली होती."

त्यांनी वही उघडली. "ही प्रवेशाच्या दिवसाची. आजची सांगा."

"आजची म्हणजे?"

"छत्रीची खूण वर्षानुवर्षं तीच राहते. मुलांची रोज बदलते. काल-परवात काय बदललंय मुलीत, ते सांगा."

मी विचार करायला लागले. सकाळी वेण्या घातल्या त्या निळ्या रिबिनींनी. मी "निळ्या रिबिनी" म्हणाले. त्यांनी मानेनं नाही म्हटलं. निळ्या बुधवारी होत्या. मग मी, पायाला खरचटलंय का, म्हणून पाहिलं. नाही. नख? नाही. डोळ्यांसमोर मी सईचा चेहरा आणायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की मला तिच्या वेणीचा मागचा भांग दिसतोय, दप्तर दिसतंय, डबा दिसतोय, पण सोमवारनंतरचा तिचा चेहरा मला दिसतच नाहीये. मला रडू यायला लागलं. आयुष्यात एवढी लाज मला दुसऱ्या कुठल्याही परीक्षेत वाटलेली नाही.

तेवढ्यात आतून सई आली. बाईंचा हात सोडून फाटकाच्या आतल्या बाजूला उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ती माझीच आहे."

त्यांनी तिच्याकडेही तशीच मान कलती केली. "कशावरून?"

"तिला आज सकाळी कुकरचा चटका बसलाय. उजव्या हाताला, मनगटापाशी. तिनं काही लावलंच नाही त्याला. आणि तिची साडीची पिन तुटलीय, म्हणून तिनं माझी बक्कल लावलीय खांद्याला."

मी मनगट वर केलं. चांगला बोटभर लाल फोड होता. दिवसभर मी तोही पाहिला नव्हता. बाईंच्या मिस्टरांनी चष्मा वर करून फोड पाहिला, खांद्यावरची बक्कल पाहिली, आणि वही सईच्या पुढे केली. "बरोबर आहे. तुझीच आहे. इथे सही कर आणि घेऊन जा."

सईनं जीभ बाहेर काढून, एक एक अक्षर जोडत सही केली. मग माझ्याकडे बघून हसली, तेव्हा मला दिसलं. खालचा पुढचा दात नव्हता. "मंगळवारी पडला," ती म्हणाली. "मी आजोबांना सांगितलं होतं, आईला सांगू नका. तिला कळतंय का बघायचंय." कंपासपेटीत तिनं तो कागदात गुंडाळून ठेवला होता. बुधवार गेला, गुरुवार गेला, मी तिला जेवू घातलं, गृहपाठ तपासला, सर्टिफिकेटाची चौकशी केली. आणि ही आपली तोंड मिटून वाट बघत होती. रस्त्यानं जाताना मी तिचा हात धरला होता, का तिनं माझा, ते सांगता येणार नाही. भावोजी मागून दप्तर घेऊन येत होते आणि "दुसरीत, दुसरीत" असं पाठ करत होते.

रविवारी सभा होती. अर्ज माझ्या पर्समध्ये, चाळीसपैकी एकतीस सह्यांनिशी. फाटकाशी बाईंचे मिस्टर खुर्ची टाकून बसलेले. आपल्यालाच हलवायची सभा आहे हे त्यांना ठाऊक होतं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत होते, "पान?" रविवारी पोरं घरी असताना पान कोण बरोबर घेतो? डॉक्टर भडकले. "अहो, मूल न्यायचं नाहीये, सभेला आलोय!" "पालकांची सभा आहे," मिस्टर म्हणाले. "तुम्ही पालक कशावरून?" मागून मासळीवाल्या ताई आल्या, पदराच्या गाठीतून राजाचं अर्धुक काढून त्यांनी पुढे केलं आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "डागतर, पोराच्या कामाला यायचा, तर पान नको आनायला?" असं करत करत अर्ध्याहून अधिक पालक रस्त्यावरच उभे राहिले आणि तिथेच एकमेकांशी भांडले. आत पोचलो आम्ही अकरा जण. आमच्याकडे पानं होती, म्हणजे आमची तशी काही तक्रारच नव्हती. बाईंनी विचारलं, "अर्ज कुणाकडे आहे?" मी माझ्या भाजलेल्या मनगटावरची पट्टी नीट करत बसले. बाईंनी सगळ्यांना कोकम सरबत दिलं. मिस्टरांनी ते आधी चाखलं, आणि आम्हाला दहा मिनिटं थांबावं लागलं.

वर्ग पुढे बरीच वर्षं चालला. सई पाचवीत गेल्यावर मी तिचं पान परत द्यायला गेले, तर त्यांनी दोन्ही अर्धुकं मलाच दिली. म्हणाले, "आता ही आपली आपण येईल." नव्वदच्या दशकात बाई गेल्या, वर्ग मिटला, आणि बाईंच्या मिस्टरांना त्यांच्या लेकीनं डोंबिवलीला नेलं. मी जाईन जाईन म्हणत होते. नोकरी, संसार, सासूबाईंचं आजारपण. खरं सांगायचं तर मी त्यांना विसरून उतरले होते.

सई कॉलेजात गेली त्या वर्षी भावोजींकडे डोंबिवलीला जाणं झालं, तेव्हा एकदाची गेले. त्यांच्या लेकीनं दार उघडलं आणि हळूच सांगितलं, "ते आता कुणाला ओळखत नाहीत हो. मलाही कधी कधी नाही. मनाला लावून घेऊ नका." ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. खूप लहान झाल्यासारखे दिसत होते. मी नाव सांगितलं, नौपाडा सांगितलं, बदाम सत्ती सांगितली. त्यांची मान डावीकडे कलली, डोळे बारीक झाले, पण काही सापडलं नाही. थोड्या वेळानं ते अगदी शांतपणे म्हणाले, "खूण सांगा."

मी जुन्या खुणा सांगणार होते. छत्र्या, निळा कॅट, उखडलेलं दार. मग मला आठवलं, खूण आजची लागते, आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. चांगलं मिनिटभर बघितलं.

"आज दाढी करताना तुमच्या हनुवटीखाली कापलंय," मी म्हणाले. "आणि सदऱ्याचं दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलंय."

त्यांनी हनुवटीखाली बोट फिरवून पाहिलं. मान खाली घालून बटणं चाचपली. त्यांची लेक "अगंबाई, खरंच की" म्हणत पुढे झाली, पण त्यांनी तिला हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "या, आत या."

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचं बटण नीट लावून दिलं.